शारजाच्या जिन्याखाली

आमच्या मिरजेत कुणी दुबईहून परत आलं की लोक आधी सोन्याचं विचारतात आणि मग उन्हाचं. मी आणि माझे वडील दोनदा जाऊन आलो, पण दोन्ही वेळा लोकांची निराशा केली. सोन्याच्या बाजारात आम्ही पाऊलच टाकलं नव्हतं. आम्ही गेलो होतो मैदानं बघायला. "वाळवंटात मैदानं कसली?" असं माझ्या नणंदेनं विचारलं होतं. हे लिहिते आहे ते खास तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या इतरांसाठी.

माझे वडील म्हणजे अण्णा. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. क्रिकेट ते कधी खेळले नाहीत, पण बघण्याचं काम त्यांनी नोकरीसारखं केलं, आणि नोकरीपेक्षा जास्त शिस्तीनं. जोडी जमली की घरात कुणी जागचं हलायचं नाही, हा त्यांचा कायदा. शेजारच्या काकू एकदा विरजण मागायला आल्या आणि त्यांचा पाय उंबऱ्यात असताना चौकार गेला. अण्णांनी काकूंना तिथंच थांबवलं. डाव संपेपर्यंत त्या वाटी हातात धरून उंबऱ्यात उभ्या होत्या. सर्वात वाईट आईचं झालं. ती बाहेर आली की विकेट जाते, असं कधीतरी एकदा ठरलं, आणि मग मॅचच्या दिवशी तिला स्वयंपाकघरातच बसावं लागे. "मला काय, तेवढाच निवांतपणा," असं ती म्हणायची. शारजाच्या किती मॅच आमच्या घरात रंगल्या. तिनं त्या सगळ्या फोडणीच्या आवाजातून ऐकल्या.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या भावानं, श्रीधरनं, आम्हाला दोघांना बोलावलं. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती ती. श्री जबल अलीच्या गोदामांत नोकरीला होता, राहायला दुबईत. फोनवर म्हणाला, "अण्णा, शारजाची तिकिटं काढलीत. तुम्ही फक्त या." अण्णांनी फोन ठेवला. मग उठले आणि भडंग आणायला बाजारात गेले. परदेशी जायची त्यांची तयारी एवढीच.

जबल अली

पहिला शुक्रवार. तेव्हा तिथं सुट्टी शुक्रवारी असे. सकाळी श्री आम्हाला बंदराच्या मागच्या मोकळ्या जागेत घेऊन गेला. मोकळी म्हणजे नुसती वाळू, पलीकडे कामगारांच्या कॅम्पच्या पत्र्याच्या खोल्या आणि ओळीनं उभ्या कंपन्यांच्या बसेस. त्या वाळूत एकाच वेळी इतक्या मॅच चालू होत्या की कुणाचा फिल्डर कुणाच्या मॅचमध्ये आहे हे त्यांचं त्यांनाच कळत असेल. स्टंप म्हणजे तेलाचे डबे. टेनिसच्या चेंडूला इलेक्ट्रिकची टेप गुंडाळलेली. खेळणारे तेलुगू, पंजाबी, बंगाली, पाकिस्तानी, सगळे एकाच हिंदीत भांडत होते.

अण्णांची पांढरी टोपी आणि पांढरा सदरा दुरून दिसला आणि दोन्ही बाजूंचे कॅप्टन धावत आले.

"चाचाजी, आप अंपायर बनो. आप न्यूट्रल हो."

"अरे, लेकिन मेरेको तुमचा, तुम्हारा नियम मालूम नहीं," अण्णा म्हणाले. त्यांचं हिंदी मिरजेतही कुणाला कळत नसे.

"नियम सिंपल है. बस को लगा तो चौका. बस के ऊपर से गया तो छक्का. काच फूटा तो आउट, और मॅच खलास, सब भागो."

अण्णांनी दोन तास उन्हात अंपायरिंग केलं. सुरुवातीला त्यांच्या चपला वाळूत रुतत होत्या. मग एक चप्पल अंगठ्यातून तुटली, तेव्हा दोन्ही काढून त्यांनी बसच्या सावलीत ठेवल्या. वाळू तापत गेली तसे ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागले. बोलर त्याला सिग्नल समजून थांबायचा. परतताना त्यांना कुणाच्या तरी निळ्या रबरी सपाता मिळाल्या. त्या त्यांनी मिरजेला आणल्या आणि झिजेपर्यंत वापरल्या.

दुबई

दुबईत माझ्या भावजयीनं, माधवीनं, बेत आखला होता तो वेगळाच. त्यांच्या ओळखीचं एक अमेरिकन कुटुंब होतं. तेलकंपन्यांतल्या त्यांच्या लोकांनी आपल्यापुरतं एक मैदान केलं होतं आणि तिथं ते बेसबॉल खेळत. "अण्णांना गंमत वाटेल," माधवी म्हणाली.

अण्णांना गंमत वाटली नाही, आधी धक्का बसला. जाळीच्या कुंपणाआड एका कोपऱ्यात बॅटवाला उभा. त्यानं चेंडू मारला आणि हातातली बॅट धुळीत फेकून पळत सुटला.

"बॅट टाकली?" अण्णा म्हणाले. "बॅट टाकून पळायचं?"

"तसाच रूल आहे अण्णा. बॅट घेऊन पळत नाहीत," श्री म्हणाला.

"असू दे. पण खाली ठेवावी. फेकायची कशाला?"

माझी भाची ईशा तेव्हा सहा वर्षांची होती. ती आजोबांना सगळं समजावत होती, अर्थात इंग्रजीत. अण्णा मराठीत शंका विचारत होते. दोघांचं छान चाललं होतं. आम्ही आणलेलं थालीपीठ शेजारच्या बाईंनी "ब्रेड?" असं विचारून खाल्लं आणि आम्हाला मक्याच्या लाह्यांचा मोठा डबा दिला.

खेळ संपत आला तेव्हा हरणाऱ्या बाजूच्या लोकांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. बाकावर बसलेल्या सगळ्या बाप्यांनी आणि बायकांनी आपापल्या टोप्या काढल्या, आतली बाजू बाहेर केली आणि तशाच परत घातल्या. शिवण दिसतेय, लेबल लोंबतंय, आणि चेहरे अगदी गंभीर. अण्णांनी ईशाला विचारलं, ईशानं त्या बाईंना विचारलं आणि येऊन सांगितलं, "आजोबा, इट्स फॉर लक. देन दे विल विन."

अण्णांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. साहेबाच्या देशातसुद्धा हे आहे म्हटल्यावर त्यांना आयुष्यभराची पावतीच मिळाली. त्यांनी तत्काळ आपली गांधी टोपी काढून उलटी केली आणि घातली. गांधी टोपी उलटी केली तरी गांधी टोपीच दिसते, पण भावना पोचली असावी, कारण ते लोक जिंकले. त्या बाईंनी अण्णांशी हात मिळवला.

शारजा

आणि मग तो शुक्रवार.

दुबईहून शारजा जवळ, पण मॅचच्या दिवशी रस्त्यावर गाड्यांची ती रांग. प्रत्येक गाडीतून झेंडा, प्रत्येक खिडकीतून एक डोकं. टीव्हीवर ज्या जागेकडे इतकी वर्षं पाहिलं, तिथं आपण खरोखर चाललो आहोत यावर अण्णांचा विश्वास बसत नव्हता. जिना चढून वर आलो आणि एकदम ते हिरवं मैदान समोर आलं तेव्हा ते पायरीवरच थांबले. मागची माणसं खोळंबली. "लहान आहे गं," ते म्हणाले. "टीव्हीत मोठं वाटायचं." त्यांचे डोळे भरले होते.

सिमेंटच्या पायऱ्यांवर आमच्या जागा. अण्णांच्या शेजारी कुट्टी नावाचे एक केरळी गृहस्थ, शारजातल्याच एका दुकानात हिशेब बघणारे. अण्णांनी त्यांच्यापुढे भडंग धरलं. त्यांनी एक घास खाल्ला, डोळे पुसले आणि आणखी घेतलं. समोरच्या संघाची बॅटिंग झाली, नमाजासाठी लांबलेली सुट्टी झाली, आणि आपला डाव सुरू झाला. लगेच दोन विकेट गेल्या. स्टँड गप्प झाला.

अण्णा लघवीला म्हणून उठून खाली गेले. ते गेले आणि लागोपाठ चौकार बसायला लागले. ढोलकी सुरू झाली. थोड्या वेळानं अण्णा परत आले, धोतर सावरून बसले, आणि विकेट गेली. कुट्टींनी एकदा अण्णांकडे पाहिलं.

पुढच्या खेपेला ते पाणी आणायला गेले. पुन्हा जोडी जमली. मी जिन्याकडे बघत होते. अण्णांची पांढरी टोपी जिन्यातून वर येताना दिसली, फक्त टोपी, अजून चेहराही दिसत नव्हता, आणि आपला माणूस रनआउट झाला.

आता फक्त कुट्टीच नव्हे, आमच्या मागच्या दोन रांगा अण्णांकडे बघत होत्या. कुट्टी उभे राहिले. फार सज्जन माणूस, हात जोडूनच बोलले. "अंकल, माफ करना. आप थोड़ा नीचे बैठके चाय पीयेगा? बस, यह जोड़ी तक."

श्री भडकला. "कुट्टीसाब, ये क्या बात हुआ? ये इंडिया से आये हैं, सिर्फ इस मॅच के लिये. इनको मॅच देखने दो ना."

"श्री," अण्णा म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. मी मिरजेत हेच केलं असतं."

त्यांनी टोपी काढली, उलटी केली, घातली, आणि कुणी काही म्हणायच्या आत जिना उतरून गेले. जाताना एकदा मैदानाकडे बघितलं. तेही चोरून, म्हणजे कुणाचा बॉल खराब जायला नको.

जोडी जमली ती जमलीच. लोक नाचत होते आणि माझं लक्ष लागेना. शेवटी उठले आणि खाली गेले. जिन्याखाली चहाचा ठेला होता. अण्णा एका रिकाम्या खोक्यावर बसले होते, मैदानाकडे पाठ, समोर गाड्यांचा तळ. तळहात मागच्या सिमेंटच्या खांबावर टेकवलेला.

वर गलका झाला.

"चार," अण्णा म्हणाले.

"कसं कळलं?"

"सहा असला की लोक आधी गप्प होतात. चेंडू वर असतो ना. मग ओरडतात. चारला पहिल्यापासून ओरडतात." त्यांनी खांबावर हात थोपटला. "आणि हा हलतो."

मी म्हटलं, "अण्णा, वर चला. हरलो तर हरलो. तुम्ही एवढ्या लांब आलाय."

"हरलो तर हरलो?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही अभद्र बोलले. मग चहाचा घोट घेतला, आणि वेगळ्याच आवाजात म्हणाले, "सुले, तुझी आई कशी बसत असेल गं आत?"

मी त्यांच्या शेजारी खोक्याच्या कडेवर टेकणार, एवढ्यात त्यांच्याच काहीतरी लक्षात आलं.

"तू इथं काय करतेस? ही जोडी जमली तेव्हा तू कुठं होतीस? जागेवर ना? मग जा. पळ."

आणि मी पळाले. माझ्या वडलांना एकटं सोडून मी जिना चढून पळाले, कारण त्या कायद्यात मीही वाढले होते. उरलेला सगळा डाव मी पाहिला. त्यांच्या वाटचा म्हणून एकेक बॉल डोळे फाडून पाहिला, आणि मध्येच रडू यायचं तेव्हा पदरानं डोळे पुसून पुन्हा पाहिला. आपण जिंकलो. लोकांनी झेंडे हवेत उडवले. कुट्टी सगळ्यांच्या आधी जिना उतरले, आणि आम्ही पोचलो तेव्हा ते अण्णांना मिठी मारून उभे होते. "मॅन ऑफ द मॅच तो आप है, अंकल." अण्णा हसत होते. त्यांच्या हातातला चहा सांडून गेला होता.

घरी परतल्यावर टीव्हीवर त्याच मॅचचे मुख्य भाग दाखवत होते. श्रीनं हाक मारली. अण्णा उठून बाल्कनीत गेले. "जी मॅच मी आत बसून बघितली नाही, ती आता टीव्हीतनं चोरून कशाला बघू?" मिरजेत लोकांनी विचारलं तेव्हाही ते जबल अलीचं अंपायरिंग सांगत, अमेरिकन टोप्या सांगत, शारजाच्या चहाला दुधाचा कसा दाट वास होता ते सांगत. मॅचचं विचारलं की म्हणत, "जिंकलो की." त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. त्यांच्या ताटातलं आपण जेवलो असं काहीतरी माझ्या मनात राहून गेलं होतं.

अबुधाबी, पुन्हा शारजा

दुसरी खेप अलीकडची. मधल्या काळात सगळंच बदललं. श्रीची कंपनी इन्व्हेस्टमेंट्स पार्क नावाच्या नव्या उद्योगवसाहतीत गेली, त्याचे केस गेले, ईशा आजोबांपेक्षा उंच झाली. शारजात आपला संघ खेळेनासा झाला. अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि गुडघ्यांनी असहकार पुकारला. मिरजेला टीव्हीपुढे आता ते एकटेच बसतात. कुणी उठलं, कुणी आलं, काही म्हणत नाहीत. मला त्याचंच वाईट वाटतं.

श्रीनं आधी अबुधाबीचं नवंकोरं स्टेडियम दाखवलं. काय त्याचा थाट. उंच छपरं, दोन बाजूंना बसायला हिरवळीचे उतार, आणि आजूबाजूला नुसतं वाळवंट. मॅच नव्हती, कुणी नव्हतं. पाण्याचे फवारे तेवढे गवतावर फिरत होते. "कसं वाटलं अण्णा?" श्रीनं विचारलं.

"फार चांगलं आहे," अण्णा म्हणाले. "पण इथं अजून काही झालेलं नाही." मग काठी टेकत म्हणाले, "शारजाला नेशील का?"

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर गेलो. रस्त्यावर झेंडे नव्हते. फाटकावर एक पठाण वॉचमन, तो म्हणाला, "मॅच नहीं है, क्या देखेगा?" श्रीनं त्याला अण्णांकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. त्यानं अण्णांच्या टोपीकडे, काठीकडे बघितलं. "यल्ला, जाओ. चाचा को आराम से चढ़ाना."

जिन्याखाली ठेला नव्हता. खांब होता. अण्णांनी येता येता त्यावर हात थोपटला. मग एकेक पायरी करत आम्ही त्यांना वर आणलं, मी एका बाजूला, ईशा दुसऱ्या. त्याच रांगेत, साधारण त्याच जागेवर ते बसले. टोपी काढून त्यांनी शेजारच्या पायरीवर ठेवली. मला वाटलं, उकडत असेल.

मैदान रिकामं. लांब एक माणूस रोलरला तेल घालत होता. श्री आणि ईशा कडेकडेनं फिरायला गेले. अण्णा समोर बघत म्हणाले, "आता मी कितीही वेळ बसलो तरी चालतंय."

मी हसले. ते हसले नाहीत.

"आता सांग," ते म्हणाले.

"काय?"

"मॅच. माझी. मी खाली गेलो तिथनं."

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी विसरले असेन. पण तोंड उघडलं आणि सगळं समोर उभं राहिलं. या टोकाकडून बोलिंग, तिकडच्या पायऱ्यांत पडलेला सिक्सर, तिथं सुटलेला झेल, इथं ढोलकीवाल्यानं ढोलकी फोडली. मी बोट दाखवायची तिकडे अण्णा बघायचे, ऑपरेशन झालेले डोळे बारीक करून, अगदी नीट. चार म्हटलं की मान हलवायचे. एकदा म्हणाले, "हा मला कळला होता. खांब जोरात हलला होता."

असं करत करत मी त्या विकेटपाशी आले. जिंकायला थोडेच हवे असताना तीच जमलेली जोडी अखेर फुटली होती आणि सगळा स्टँड हबकला होता. मी म्हटलं, "आणि मग तो उंच मारायला गेला, आणि अण्णा, झेल—"

अण्णांचा हात काठीवर गेला. गुडघे सरळ व्हायला लागले. ते उठत होते.

मी त्यांचं मनगट धरलं. "अण्णा, बसा. ती विकेट गेली त्याला किती वर्षं झाली. तुम्ही तेव्हा खालीच होतात. तुमच्यामुळं नाही गेली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मैदानाकडे. मग त्या शेजारच्या टोपीकडे. त्या नजरेनं माझ्या ध्यानात आलं, टोपी ठेवून त्यांनी आईची जागा धरली होती. त्यांनी काठी आडवी ठेवली आणि हळूहळू पाठ टेकून बसले.

"तिच्यामुळंही कधी गेली नसेल," ते म्हणाले.

खाली रोलर सुरू झाला आणि त्याचा आवाज रिकाम्या स्टँडमध्ये घुमायला लागला. अण्णांनी टोपी थोडी आपल्या जवळ सरकवली.

"पुढं सांग," ते म्हणाले. "आणि जरा मोठ्यानं सांग. तिलाही ऐकू जाऊ दे."

मी घसा साफ केला आणि पुढच्या बॉलपासून सांगायला लागले.